चांद्रावतरण, पहिले : घटना, शंका आणि बीडचा काळा पाषाण

अमेरिकेच्या अपोलो-११ मोहिमेतील नील आर्मस्ट्राँग व एडविन (बझ) ऑल्ड्रिन यांनी चंद्रावरील ‘शांतिसागर’ नावाच्या सपाट प्रदेशात ‘ईगल’ हे यान उतरवले, ती घटना. तिसरे अंतराळवीर मायकेल कॉलिन्स त्या वेळी ‘कोलंबिया’ यानातून चंद्राभोवती फिरत होते. भारतीय वेळेनुसार ‘ईगल’ २१ जुलै १९६९ रोजी रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी उतरले आणि सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँग यांचे पहिले पाऊल पडले. दोघे सुमारे अडीच तास यानाबाहेर होते. येताना त्यांनी साडेएकवीस किलोच्या आसपास दगडमाती आणली. ही घटना घडलीच नाही, असे मानणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्या शंकांचे सर्वांत भक्कम उत्तर छायाचित्रांपेक्षा या दगडमातीत सापडते, आणि ते समजून घ्यायला बीड जिल्ह्यातील माणसाला फार लांब जावे लागत नाही.

तो आषाढाचा शुद्ध पक्ष होता. ईगल उतरले तेव्हा बीडच्या आकाशातून चंद्र मावळून गेला होता आणि पहिले पाऊल पडले तेव्हा तो उगवलेला नव्हता. मात्र २१ जुलैच्या संध्याकाळी, दिवेलागणीला, तो पश्चिमेच्या बाजूला जवळजवळ अर्धा उजळलेला होता आणि ते दोघे अजून त्याच्यावरच होते. रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी त्यांनी तिथून उड्डाण केले. पावसाळी ढगांनी जिथे वाट दिली असेल, तिथल्या माणसांनी त्या संध्याकाळी माणसे असलेला चंद्र पाहिला. पंढरीच्या वाटेवर दिंड्या होत्या. पैठणहून निघणारी नाथांची पालखी बीड जिल्ह्यातूनच पुढे जाते. अंतराळवीर २४ जुलैच्या रात्री प्रशांत महासागरात उतरले, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती.

महाराष्ट्रात तेव्हा दूरदर्शन नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. अमेरिकेत आणि युरोपात कोट्यवधी लोकांनी जे पडद्यावर पाहिले, ते मराठवाड्यात रेडिओवरून ऐकले गेले आणि वर्तमानपत्रांत वाचले गेले. आदल्याच आठवड्याच्या शेवटी, १९ जुलैला, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, त्यामुळे पहिल्या पानावर दोन मोठ्या बातम्यांची दाटी होती. पुढे २६ ऑक्टोबर १९६९ रोजी तिघेही अंतराळवीर जगप्रवासात मुंबईला आले.

न पाहिलेल्या गोष्टीविषयी शंका घेण्यात गैर काही नाही. पहिल्या पिढीची शंका बहुधा श्रद्धेतून आली : चंद्र ही देवता, त्याला पाहून उपास सोडायचा, त्याच्यावर बूट घालून कोण कसा चालेल? या प्रश्नात फसवणुकीचा आरोप नव्हता. चंद्र मोजता येतो हे इथल्या परंपरेला नवे नव्हते. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीत चंद्राची गती आणि ग्रहणांचे गणित मांडले. त्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडवीड म्हणजे बीड, असा एक पक्ष आहे. चाळीसगावजवळचे पाटण, असा दुसरा.

दुसरी शंका आयात झालेली आहे. अमेरिकेत बिल केसिंग या लेखकाने १९७६ साली स्वतः छापलेल्या पुस्तकात सगळा प्रकार बनावट असल्याचे म्हटले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘कॅप्रिकॉर्न वन’ या चित्रपटात मंगळाची खोटी मोहीम दाखवली गेली आणि २००१ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने हा आरोप घरोघरी नेला. मोबाइल आल्यावर तो मराठीतही पोहोचला. ‘स्टुडिओत शूटिंग केलं’ हे वाक्य आज तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवरही ऐकू येते. त्यातल्या ठरावीक मुद्द्यांना ठरावीक उत्तरे आहेत. झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती आणि ती पूर्ण उघडली नाही म्हणून कापडाला चुण्या राहिल्या. उन्हात लख्ख उजळलेल्या जमिनीचे छायाचित्र घेताना कॅमेरा इतका थोडा वेळ उघडतो की तारे उमटत नाहीत. उंचसखल जमिनीवर पडलेल्या सावल्या एका दिशेच्या दिसत नाहीत. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे यानाने त्यांच्या विरळ भागातून, थोड्या तासांत ओलांडले. एक गोष्ट मात्र शंका घेणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि ती मान्य केली पाहिजे : चंद्रावरून आलेल्या चित्रणाच्या मूळ फिती नासाने पुन्हा वापरून पुसून टाकल्या, हे २००९ साली त्या संस्थेनेच जाहीर केले. प्रक्षेपणाच्या प्रती शिल्लक आहेत. तरी ही बेफिकिरी अक्षम्य होती.

छायाचित्रांवरचा वाद मिटत नाही, कारण छायाचित्र बनवता येते. दगड बनवता येत नाही. बीड जिल्हा जवळजवळ सगळा बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेला. बालाघाटाच्या पायऱ्या पायऱ्यांच्या उतारावर ते थर उघडे दिसतात. विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि खाली सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण. ही सगळी एकाच खडकाची रूपे आहेत. पाणी आणि हवा त्याला वरून खात आली, लोह गंजले, खनिजांची चिकणमाती झाली. खडकातल्या पोकळ्यांत पाण्याने आणलेली पांढरी स्फटिके वाढली. शेतकरी ज्या जमिनीत कापूस लावतो, ती पाण्याने कुजवलेला बेसॉल्ट आहे.

शांतिसागरातला दगडही बेसॉल्टच आहे. त्याचे वय मात्र ३६० ते ३९० कोटी वर्षे भरते, म्हणजे आपल्या पाषाणाच्या पन्नास पटींहून अधिक. इतका जुना असूनही त्याची स्फटिके कोरी करकरीत आहेत. त्यात चिकणमाती नाही, गंज नाही, पाण्याने भरलेली पोकळी नाही. त्यातील टायटॅनियम आपल्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी अधिक आहे. दगडाच्या वरच्या अंगावर काचेचे अस्तर असलेले सूक्ष्म खड्डे आहेत. वाळूच्या कणाहून बारीक उल्का हवेचा अडसर नसताना येऊन आदळल्या, त्यांच्या त्या खुणा. पृथ्वीवर असे कण वातावरणातच जळतात किंवा त्यांचा वेग मोडतो, त्यामुळे बालाघाटातला कोणताही दगड उचलला तरी असा खड्डा सापडणार नाही. या दगडांत सापडलेल्या एका नव्या खनिजाला तीन अंतराळवीरांच्या नावांतील अक्षरे जोडून ‘आर्मालकोलाइट’ म्हणतात.

अपोलो मोहिमांतील दगडमातीचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांत वाटले गेले, त्यांत मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तिथे देवेंद्र लाल यांच्या गटात नरेंद्र भंडारी, ए. एस. ताम्हणे, व्ही. एस. वेंकटवरदन आदी संशोधक होते आणि १९७१ पासून त्यांचे लेख चांद्रविज्ञान परिषदेच्या इतिवृत्तांत प्रसिद्ध झाले. या गटाने काय पाहिले, ते जवळून सांगण्याजोगे आहे. अवकाशातून अतिवेगाने येणारे लोहाचे अणुकेंद्र स्फटिकात शिरले की त्याच्या वाटेवरील अणूंची मांडणी विस्कटते. ही वाट डोळ्याला दिसत नाही. स्फटिकाचा तुकडा घासून गुळगुळीत करतात आणि कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात ठेवतात. विस्कटलेला भाग आधी विरघळतो, वाट रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुई टोचल्यासारखी रेघ दिसू लागते. चांद्रमातीच्या काही कणांत अशा रेघा एका चौरस सेंटीमीटरला दहा कोटी वा त्याहून अधिक भरतात. त्यांची घनता पृष्ठभागापाशी सर्वाधिक असते आणि आत जावे तशी ठरावीक प्रमाणात उतरते, कारण सूर्यावरील वादळांतून आलेली केंद्रे मिलिमीटरभरातच थांबतात, तर दूरच्या ताऱ्यांकडची काही सेंटीमीटर खोल जातात. या उतारावरून तो दगड चंद्राच्या पृष्ठभागावर किती लक्ष वर्षे उघडा पडला होता, ते काढता येते. पृथ्वीवर वातावरण हा मारा अडवते. आणि लोहाची केंद्रे इतक्या वेगाने फेकणारे यंत्र १९६९ साली जगात कुठेही नव्हते. कुलाब्याच्या संशोधकांना अमेरिकेची बाजू सांभाळण्याचे कारण नव्हते. खोट असती तर ती शोधणाऱ्याचे नाव जगभर झाले असते. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे काम तिथे पुढे चालले. वेंकटवरदन पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले आणि सामान्य मुंबईकराला आकाश दाखवू लागले.

सोव्हिएत संघाची साक्षही वजनदार आहे. त्यांचे मानवविरहित लुना-१५ यान त्याच दिवसांत चंद्राभोवती फिरत होते आणि २१ जुलै १९६९ रोजीच ‘संकटसागर’ या भागात कोसळले. अपोलोचे संदेश ऐकण्याची साधने त्यांच्याकडे होती आणि शत्रूचे खोटे उघडे पाडण्याची हौसही होती. तरी त्यांनी अवतरण मान्य केले. पुढच्या वर्षी लुना-१६ ने १०१ ग्रॅम माती आणली, तीही त्याच जातीच्या कोरड्या बेसॉल्टची निघाली. अपोलो-११ ने ठेवलेल्या शंभर काचलोलकांच्या परावर्तकावरून १ ऑगस्ट १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेने लेसरचा प्रकाश परत मिळवला. आजही तो मिळतो आणि त्यावरून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर दूर जातो हे मोजले गेले आहे.

भारताच्या चांद्रयान-२ वरील उच्च क्षमतेच्या कॅमेऱ्याने २०२१ साली शांतिसागरावरून जाताना ईगलचा खालचा, चार पायांचा भाग टिपला. हा कॅमेरा शंभर किलोमीटर उंचीवरून पाव मीटरएवढी वस्तू ओळखतो. त्याआधी अमेरिकेच्या चांद्रटेहळणी यानाच्या चित्रांत अंतराळवीरांच्या पायवाटाही दिसल्या होत्या. अपोलो-११ चा झेंडा मात्र उभा नसावा. उड्डाणाच्या झोताने तो पडताना पाहिल्याचे ऑल्ड्रिन यांनी सांगितले आहे.

सहा अपोलो मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. त्यातील काही नमुने पुढच्या पिढीच्या उपकरणांसाठी मुद्दाम बंद ठेवले होते. अपोलो-१७ ची एक सीलबंद नळी २०२२ साली उघडण्यात आली. संशोधकांना नमुने अजूनही अर्ज करून मिळतात.