वस्तऱ्याची धार आणि परक्याचा हात

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. तलवारीच्या कथा आपण आवडीने ऐकतो; परंतु तलवारीच्याच पोलादाचे जे वीतभर पाते शतकानुशतके पुरुषांच्या गळ्यावरून फिरत आले, त्या वस्तऱ्याला इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींचीही जागा क्वचितच मिळते. अलीकडे काही हौशी तरुण ‘जुने ते सोने’ या न्यायाने पुन्हा वस्तऱ्याकडे वळू लागले आहेत. त्यांच्या हौसेचा उपमर्द करण्याचा माझा हेतू नाही. तथापि ज्या हत्याराला आपल्या वाडवडिलांनी संधी मिळताच रजा दिली, त्याच्या अंगी दोष तरी कोणते होते, याचा विचार झाला पाहिजे. तोच विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

वस्तरा फार प्राचीन आहे. संस्कृतात त्याला ‘क्षुर’ म्हणतात आणि आपला ‘क्षौर’ हा शब्द त्यावरूनच आला. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात श्मश्रूकर्माचे एक छोटे सूक्त आहे. त्यात सविता देव वस्तरा घेऊन आला आहे आणि वायूने ऊन पाणी घेऊन यावे, अशी कल्पना केली आहे. म्हणजे दाढीचा केस ऊन पाण्याने मऊ केल्यावाचून वस्तऱ्याला वश होत नाही, हे मर्म वेदकालीन लोकांनाही ठाऊक होते! पुढे कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या बिकट वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. उपमा नित्याच्या अनुभवातून सुचते. त्या धारेचे भय ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या परिचयाचे होते, म्हणूनच ती इतकी चपखल बसली.

आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापुरते पाहावयाचे, तर अजिंठ्याच्या लेण्यांची आठवण प्रथम होते. तेथे राहणाऱ्या भिक्षूंना मुंडन करावे लागे. विनयपिटकात भिक्षूंना वस्तरा आणि तो पाजळण्याचा दगड जवळ बाळगण्याची अनुज्ञा आहे, आणि केस दोन महिन्यांहून किंवा दोन बोटांहून अधिक वाढू देऊ नयेत, असा दंडकही आहे. सर्वस्वाचा त्याग केलेल्या माणसाच्या मोजक्या वस्तूंतही वस्तऱ्याला स्थान होते. त्याहूनही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, बुद्धाच्या शिष्यांत विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून जो उपाली प्रसिद्ध आहे, तो पूर्वाश्रमी शाक्यांचा न्हावी होता.

आता या हत्याराचे दोष पाहू. पहिला दोष असा की, त्याची धार टिकत नाही. प्रत्येक दाढीपूर्वी ते चामड्याच्या पट्ट्यावर घासावे लागते आणि काही दिवसांनी दगडावर धरून नवी धार लावावी लागते. पट्ट्यावर पाते उलटे फिरले तर धार सुधारण्याऐवजी मोडते आणि पट्टाही कापला जातो. पाते न पुसता ठेवले तर एका रात्रीत तांबेरा चढतो. न्हाणीघराच्या शहाबादी फरशीवर एकदा निसटले की धारेला खांडे पडलेच म्हणून समजावे. केसासारखी मऊ वस्तू पोलादाला कशी बोथट करते, हे कोडे फार काळ सुटले नव्हते. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचा उलगडा केला. पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असलेला केसही, पोलादाची घडण जेथे एकसारखी नसते अशा जागी, विशिष्ट कोनातून आदळला की धारेचा कपचा उडवतो, असे त्यांना आढळले. आपले जुने कारागीर एवढ्या खोलात गेले नव्हते. परंतु वस्तऱ्याची किंमत त्याच्या पोलादाच्या प्रतीवर ठरते, हे ते ओळखून होते.

आणि ते पोलाद आपल्याच देशात उत्तम बनत असे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात आमचे शहरही १९४८ पर्यंत होते, निजामाबादेकडील कोनसमुद्रम् हे गाव अशा पोलादासाठी नावाजलेले होते. हेच दक्षिणी पोलाद युरोपात ‘वूट्झ’ नावाने गाजले. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. लंडनचा जेम्स स्टोडार्ट नावाचा कारागीर त्यापासून शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे घडवू लागला, आणि आपल्याला हे हिंदी पोलाद युरोपातील उत्कृष्ट पोलादाहून अधिक पसंत आहे, असे त्याने आपल्या जाहिरातीत छापले. पुढे मायकेल फॅरडे याने त्याच्याच सहकार्याने पोलादावर प्रयोग केले. असे असूनही दाढीच्या सोयीसाठी आपण शेवटी परदेशी पात्यांचेच गिऱ्हाईक झालो, हा दैवाचा खेळ म्हणावा काय!

दुसरा दोष देहाच्या इजेचा. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरावे लागते. कोन वाढला तर चामडी कापते, कमी झाला तर केस उपटले जातात. उजव्या हाताने डावा गाल, डाव्या हाताने ताणून धरलेली कातडी, आरशातले उलटे प्रतिबिंब आणि हनुवटीखालचा खळगा, अशी ती कसरत असते. त्यात आमच्या मराठवाड्यातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि फेसाविना वस्तरा खरवडतच जातो. मी स्वतः तरुणपणी काही महिने वडिलांचा वस्तरा वापरला आहे. त्या काळात तुरटीचा खडा नित्य उशाशी असे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी झाली की गालावर पुळ्या येत. त्या विकाराला मराठीत ‘न्हावगंड’ असा स्वतंत्र शब्दच आहे. भाषेला शब्द घडवावा लागला, यावरून त्या पीडेचा प्रसार ध्यानी यावा. प्रसंगी यात प्राणही जात. ज्यांच्या सविनय कायदेभंगावरील निबंधाची महात्मा गांधींनी वाखाणणी केली, त्या थोरो यांचा वडील भाऊ जॉन हा १८४२ साली वस्तरा पट्ट्यावर घासताना बोट कापून धनुर्वाताने मरण पावला. प्रतिजैविके आणि धनुर्वाताची लस नसलेल्या काळात वस्तऱ्याची क्षुल्लक जखम क्षुल्लक राहील, याची शाश्वती नव्हती.

परंतु तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. वस्तरा चालविण्याचे कसब अवघड असल्यामुळे सामान्य माणसाला स्वतःची दाढी स्वतः करता येत नसे. त्यासाठी परक्याचा हात लागे. आपल्याकडे तो हात न्हाव्याचा. गावगाड्यातील बारा बलुतेदारांत त्याची गणना होती. वर्षभर धोकटी काखोटीला मारून त्याने घरोघरी जावे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याचे बलुते मागावे, अशी रीत होती. दाढी आठवड्यापंधरवड्यातून एकदा. त्यातही एकादशी वर्ज्य, अमावास्या वर्ज्य, अमुक वार वर्ज्य. क्षौरानंतर स्नान केल्यावाचून घरात कशाला शिवावयाचे नाही. ज्याच्या हाती गावच्या पाटलाचाही गळा विश्वासाने सोपविला जाई, त्याचाच स्पर्श मागाहून धुऊन टाकण्याजोगा मानला जाई! संत सेना महाराजांनी याच व्यवसायातील आरसा आणि हत्यारे यांना भक्तीची रूपके बनविले, हे त्या तिरस्काराला दिलेले केवढे थोर उत्तर होते!

परक्याचा हात लागतो म्हटले की, तो कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हा प्रश्न आलाच. न्हावी अस्पृश्यांची हजामत करीत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिले आहे की, साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते आणि पैसे देण्याची ऐपतही होती. तरीही भावंडांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत. ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तिनेच १९९० साली त्या आठवणी प्रथम पुस्तिकारूपाने छापल्या. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे एका इंग्रज न्हाव्याने गांधीजींना नाकारले, तेव्हा त्यांनी कातरयंत्र विकत आणून आरशापुढे स्वतःच केस कापले. कोर्टातील मित्र हसले; परंतु गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देतो काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या आत्मकथेत स्वकीयांपुढे ठेवला.

हाच वस्तरा उच्चवर्णीय विधवांच्या मस्तकावर त्यांच्या इच्छेविरुद्ध चालविला जाई, ही आपल्या समाजाच्या इतिहासातील अत्यंत लज्जास्पद गोष्ट होय. येथे मात्र परक्याच्या हाताने एक मोठे काम केले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांचे केशवपन यापुढे आपण करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. ज्यांना समाज हलके समजत होता, त्यांनी शहाण्यासुरत्यांना धर्म शिकविला!

युरोपातही या परावलंबनाचा जाच होता. पॅरिसच्या झाँ-झाक पेरे नावाच्या कारागिराने १७६९-७० च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकविणारे पुस्तक लिहिले आणि पात्याला लाकडी आवरण घालून वस्तरा थोडा निरुपद्रवी केला. पण धार लावण्याचा त्रास उरलाच. तो अमेरिकेच्या किंग जिलेट याने दूर केला. पाते इतके पातळ आणि स्वस्त करावे की, बोथट होताच फेकून देता यावे, ही त्याची कल्पना होती. १९०३ साली त्याची अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्याच वर्षी यंत्रांचा खप ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख यंत्रे घेतली, आणि खंदकातून परतलेला सैनिक ती सवय घरी घेऊन आला. आमच्या शहरापर्यंत १९०० साली मनमाडहून आगगाडी आली होती. मुंबईच्या इतर मालाबरोबर ही नवलाई या वाटेने आत येण्यास मग कितीसा उशीर!

केशकर्तनालयांतून मात्र वस्तरा पुष्कळ वर्षे टिकून होता. १९८६ साली भारतात एड्सचे रुग्ण प्रथम आढळले, तेव्हा एका गिऱ्हाइकाचे रक्त दुसऱ्याला लागणे किती घातक आहे, याची जाणीव वाढू लागली. हळूहळू दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते घालावयाचा वस्तरा सर्वत्र रूढ झाला. आकार जुना राहिला. दोष बहुतांशी गेला.

नव्या साधनांतही उणिवा आहेत. फेकलेल्या पात्यांचा ढीग साचतो आणि कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. याचा विचार सुज्ञ गृहस्थाने करावा, आणि वापरलेली पाती निदान एखाद्या डब्यात बंद करून टाकावीत. परंतु एवढ्यावरून मागे फिरावे, असे मला वाटत नाही. अत्तराच्या कुपीसारखा मखमलीत ठेवलेला वस्तरा पाहून ज्यांना जुन्या काळाची हुरहूर लागते, त्यांनी त्या धारेखाली मान दिलेल्यांची आणि जिला मान द्यावी लागली त्या विधवेचीही आठवण ठेवावी. दोन रुपयांच्या पात्याने गाल गुळगुळीत केला, ही लहान गोष्ट. त्याने माणसाला आपल्या देहाच्या एका नित्यकर्मापुरते तरी कोणाच्या मर्जीवाचून आणि कोणाच्या तिरस्कारावाचून जगता येऊ लागले, ही मोठी गोष्ट होय.