सरासरीची अनिश्चितता

एकाच भौतिक राशीचे मापन अनेकदा केले असता, वाचनांतील यादृच्छिक चढउतारांमुळे त्यांच्या सरासरीत किती फरक संभवतो याचा अंदाज म्हणजे सरासरीची अनिश्चितता होय. संख्याशास्त्रात तिला सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणतात. वाचनांच्या प्रमाण विचलनास वाचनसंख्येच्या वर्गमुळाने भागून ती काढतात. त्यामुळे अनिश्चितता निम्मी करण्यासाठी वाचने चौपट घ्यावी लागतात.

उदाहरण

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. शालेय प्रयोगशाळेतील मायक्रोमीटर तेथे रोजच्या वापराचे साधन आहे. समजा, ०.०१ मिमी लघुतम मापाच्या मायक्रोमीटरने एका पोलादी शाफ्टच्या व्यासाची २०.०१, २०.०२, २०.०१, २०.०३ व २०.०३ मिमी अशी पाच वाचने मिळाली. सरासरी २०.०२ मिमी, प्रमाण विचलन ०.०१ मिमी आणि सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.००४५ मिमी येते.

वाचने इतकी कमी असताना प्रमाण विचलनाचा अंदाजही कच्चा असतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने या अडचणीवर उपाय मांडला. त्यांच्या टी-वितरणानुसार पाच वाचनांना ९५ टक्के विश्वास पातळीसाठी २.७८ हा गुणक लागतो. म्हणजे व्यास २०.०२० ± ०.०१२ मिमी. आराखड्यातील कमाल मर्यादा २०.०३ मिमी असल्यास हा शाफ्ट निःशंकपणे स्वीकारता येत नाही, जरी सरासरी मर्यादेच्या आत दिसत असली तरी. तेवढ्याच विखुरणीची २० वाचने मिळाली, तर यादृच्छिक भाग ± ०.००५ मिमीपर्यंत उतरतो.

मर्यादा

सरासरीने पद्धतशीर त्रुटी कमी होत नाही. मायक्रोमीटरची शून्यांक त्रुटी प्रत्येक वाचनात तशीच राहते. लांबीच्या मापनाचे संदर्भ तापमान २०° से. आहे, यंत्रावरून नुकताच उतरवलेला, उपकरणापेक्षा १५ अंशांनी गरम असलेला २० मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट सुमारे ०.००३५ मिमी जाड मोजला जातो. शंभर वाचने घेतली तरी हा फरक जात नाही. सर्व वाचने तंतोतंत सारखी आली म्हणजे अनिश्चितता शून्य झाली, असेही नव्हे: ०.०१ मिमी लघुतम मापामुळेच सुमारे ०.००२९ मिमी प्रमाण अनिश्चितता उरते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९३ साली प्रकाशित केलेल्या मार्गदर्शिकेत वाचनांवरून काढलेल्या घटकांना ‘अ’ प्रकार व इतर माहितीवरून काढलेल्यांना ‘ब’ प्रकार मानले असून, परस्परस्वतंत्र घटकांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेतले जाते.

वाचने परस्परस्वतंत्र असणेही आवश्यक आहे. मायक्रोमीटर दरवेळी सोडून पुन्हा लावावा लागतो. पन्नास निरनिराळे शाफ्ट एकेकदा मोजले, तर त्यांचे प्रमाण विचलन मुख्यतः उत्पादनातील फरक दाखवते. त्याला वर्गमुळाने भागून मिळणारी संख्या त्या शाफ्टांच्या सरासरी व्यासाविषयी असते, कोणत्याही एका शाफ्टविषयी नव्हे. प्रयोगवहीत आणि कारखान्यात ही गल्लत होऊ शकते.

आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार चाचणी व अंशशोधन प्रयोगशाळांना मापनाच्या अनिश्चिततेचे मूल्यमापन करावे लागते. भारतात अशा प्रयोगशाळांना एनएबीएल अधिस्वीकृती देते.