बियांतील स्टेरॉइड हॉर्मोने

बियांतील स्टेरॉइड हॉर्मोने : वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणारी व अपक्व बियांत तुलनेने अधिक प्रमाणात आढळणारी संयुगे. त्यांना ब्रासिनोस्टेरॉइडे म्हणतात. प्राण्यांतील स्टेरॉइड हॉर्मोने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ज्ञात झाली होती. वनस्पतींतील स्टेरॉइड हॉर्मोनांचा शोध मात्र बराच उशिरा लागला.

इतिहास : १९७० मध्ये जे. डब्ल्यू. मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे मोहरीच्या प्रजातीतील रेप या वनस्पतीच्या परागात घेवड्याच्या रोपांची वाढ जलद करणारे द्रव्य आढळले. मधमाश्यांनी गोळा केलेल्या सु. २२७ किग्रॅ. परागापासून अवघे ४ मिग्रॅ. शुद्ध स्फटिकरूप द्रव्य मिळाले. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची संरचना १९७९ मध्ये निश्चित झाली व त्याला ब्रासिनोलाइड हे नाव मिळाले.

जपानमधील टी. योकोता, एन. ताकाहाशी व इतरांनी १९८२ मध्ये वालाच्या बियांतून डोलिकोलाइड हे नवे स्टेरॉइड वेगळे केले. वालाच्या तत्कालीन शास्त्रीय नावातील ‘डॉलिकॉस’ या प्रजातिनामावरून हे नाव पडले. पुढे वालाच्या व घेवड्याच्या बियांत आणखी अनेक संबंधित संयुगे सापडली.

ओळख : पराग व अपक्व बिया यांच्या दर ग्रॅम ताज्या वजनात ही द्रव्ये सामान्यतः १ ते १०० नॅनोग्रॅम असतात; पानांत व कोंबांत ती याहून पुष्कळच कमी असतात. बियांचा अर्क विभागून प्रत्येक भागाची जैव कसोटी घेतात. भाताचे पाते पर्णावरकापासून किती कलते, यावरून क्रियाशील भाग ओळखला जातो. नंतर वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान यांनी रेणूची संरचना ठरवितात.

मान्यता : केवळ अस्तित्वावरून ही द्रव्ये हॉर्मोने ठरत नव्हती. १९९६ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसच्या खुज्या उत्परिवर्तित रोपांत त्यांच्या निर्मितीतच दोष असल्याचे दिसून आले. ब्रासिनोलाइड दिल्यावर रोपांची वाढ पूर्ववत झाली. १९९७ मध्ये त्यांच्या ग्राहीचे जनुक ओळखले गेले. प्राण्यांतील स्टेरॉइडांचे परिचित ग्राही कोशिकेच्या आत कार्य करतात. वनस्पतींतील हा ग्राही कोशिकापटलावर असतो.

उपयोग : परागातून वा बियांतून ही द्रव्ये काढणे परवडणारे नसल्याने संश्लेषणास महत्त्व आले. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बी. जी. हाजरा व सहकाऱ्यांनी या विषयावर संशोधन केले. होमोब्रासिनोलाइड हे संयुग सोयाबीनच्या तेलातही असणाऱ्या स्टिग्मास्टेरॉलापासून बनविता येते. सोयाबीन हे हिंगोलीसह मराठवाड्यातील प्रमुख खरीप पीक आहे. होमोब्रासिनोलाइडाचे अतिविरल द्रावण पिकांवर फवारतात.