छडी, बक्षीस आणि सद्वर्तन



कुडाळ तालुक्यांतील वालावल हें गांव लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठीं आणि त्या देवळालगतच्या तलावासाठीं प्रसिद्ध आहे. अशा तलावाच्या कांठीं सहा-सात वर्षांचें एक मूल उभें आहे, त्याच्या हातांत खडा आहे, समोर पाण्यांत बगळा आहे आणि आसपास वडीलधारें कोणी नाहीं, अशी कल्पना करा. तें मूल खडा मारील कीं खालीं टाकील? प्राथमिक शाळेंतील सद्वर्तनाचा सारा प्रश्न एवढ्यांत आला. गुरुजी समोर असतांना मूल कसें वागतें, यापेक्षां ते नसतांना कसें वागतें, हीच शिक्षणाची खरी कसोटी होय.

ही कसोटी आपल्या जुन्या शाळांस कितपत उतरली? धुळाक्षरें, पाढे आणि मोडीचा कित्ता यांबरोबर वेताची छडी हेंही पंतोजींचें एक साधनच होतें. बल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनीं 1823 सालीं तिकडील गांवठी शाळांची हकीकत सरकारास लिहून कळविली. तींत एक चमत्कारिक रीत नमूद आहे. सकाळीं जो मुलगा प्रथम येई, त्याच्या तळहातावर सन्मान म्हणून सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे स्तुति नाहीं आणि निंदाही नाहीं. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढें प्रत्येकास एकेक अधिक. वरवर पाहतां ही रीत वक्तशीरपणाची. परंतु तिसऱ्या मुलास छडी बसे ती तो उशिरा आला म्हणून नव्हे, तर आणखी दोघे त्याच्या आधीं आले म्हणून! त्यांतून तो वक्तशीरपणा शिके, कीं सोबत्याचा हेवा शिके, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मद्रासेंत वाळूवर अक्षरें गिरविणारीं मुलें पाहून अँड्र्यू बेल यांनीं मुलांकडूनच मुलांस शिकविण्याची पद्धत बसविली आणि ती विलायतेस नेली. लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनीं तशाच पद्धतीस बक्षिसांची जोड दिली. गुणी मुलांस बिल्ले, चिठ्ठ्या, पतंग, चेंडू. आणि अपराध्याच्या गळ्यांत लांकडाचा ओंडका, किंवा त्यास टोपलींत घालून छतास टांगणें! एल्फिन्स्टनसाहेबांच्या अमदानींत हीच पद्धत मुंबई इलाख्यांत आली. ती नवी म्हणून आली खरी, पण तिचें बीज याच देशांतलें होतें. भय आणि लोभ हीं दोन्हीं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पाहणारा डोळा मिटला, कीं दोहोंचाही अंमल संपतो.

याच काळांत तिसरा मार्ग निघाला, तो गोष्टीचा. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ 1828 सालीं प्रसिद्ध झालें. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पोंभुर्ल्याचे सुपुत्र बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलांकरितां ‘नीतिकथा’ लिहिल्या, शाळा तपासल्या, आणि शिक्षक तयार करणारा वर्गही चालविला. 1846 सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. गोष्टींत मूल आरोपी नसतें, तें न्यायाधीश असतें. कोल्ह्याची लबाडी तें स्वतः ओळखतें. मात्र गोष्टीचें तात्पर्य पाठ करण्याचा धडा झाला, कीं न्यायाधीश पुन्हां आरोपीच्या जागीं उभा राहतो.

चौथा मार्ग आचरणाचा. कोंकणांतील पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयांत मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि 1957 सालीं तें कार्य कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळा पाड्यावरच्या अंगणांत गेली. मुलें गुरें घेऊन रानांत जात, तर शाळा कुरणावर गेली. मुलांवर रागें न भरतां शाळेनें आपलें वर्तन आधीं सुधारलें! मुलास बक्षीस नको आणि शिक्षाही नको, त्याला त्याच्या हाताजोगें काम द्यावें, हा माँटेसरीबाईंचा विचार तेथें वारली मुलांच्या अंगणांत रुजला.

2009 सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली, हें योग्यच झालें. पण कायदा छडी काढून घेऊं शकतो. तिच्या जागीं काय ठेवावें, हें तो सांगूं शकत नाहीं. आपल्या घरींही आपण ‘पहिला कोण आला?’ असें विचारतों, तेव्हां दुसऱ्याच्या तळहातावर नकळत शून्यच लिहीत असतों. त्याऐवजीं, ‘पडलेल्या सोबत्यास तूं हात दिलास, तें मला आवडलें,’ एवढें एक वाक्य बोलून पाहावें. त्यांत कोणाशीं तुलना नाहीं, आणि मुलास आपल्याच कृतीचें मोल कळतें.

ज्याला तें मोल कळलें, तें मूल तलावाच्या कांठीं एकटें असलें तरी हातांतला खडा अलगद खालीं ठेवील.