परकीय भाषा शिक्षक पात्रता परीक्षा

परकीय भाषा शिक्षक पात्रता परीक्षा या जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन, स्पॅनिश इत्यादी भाषा शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवारांचे भाषाज्ञान व अध्यापनक्षमता तपासणाऱ्या परीक्षा होत. भारतात यासाठी एकच सामाईक परीक्षा नाही. महाविद्यालयीन अध्यापन, शालेय अध्यापन आणि भाषासंस्थांतील अध्यापन यांचे निकष वेगवेगळे आहेत.

राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट)

सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा घेतली जाते. डिसेंबर २०१८ पासून तिचे आयोजन राष्ट्रीय परीक्षा संस्था करते. उमेदवाराला संबंधित विषयाच्या पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गासाठी ५० टक्के) गुण आवश्यक असतात. तीन तासांच्या या परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिलीत ५० प्रश्नांना १०० गुण, तर दुसरीत १०० प्रश्नांना २०० गुण असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा केले जात नाहीत.

पहिली प्रश्नपत्रिका सर्व विषयांना समान असून तीत अध्यापन अभिवृत्ती, संशोधन, तर्क, आकलन, माहितीचे विश्लेषण, पर्यावरण, उच्च शिक्षणव्यवस्था आदी दहा घटक असतात. ती हिंदी व इंग्रजीतच उपलब्ध असते. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारास परकीय भाषेबरोबर या पारिभाषिक शब्दांचीही तयारी करावी लागते.

१८ जून २०२४ रोजी झालेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली व ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घेण्यात आली.

भाषासंस्थांची प्रमाणपत्रे

युरोपीय भाषांचे ज्ञान सामान्यतः अ१ ते क२ या सहा पातळ्यांवर मोजले जाते. जपानीसाठी एन५ ते एन१ या पातळ्यांची प्रावीण्य परीक्षा असते. तीत एन१ ही सर्वोच्च पातळी होय. या परीक्षा भाषाज्ञान सिद्ध करतात. अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांत अंतर्भूत नसते. भारतात मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्योटे-इन्स्टिट्यूटचा 'डॉइच लेहरेन लेर्नेन' हा शिक्षक-प्रशिक्षणक्रम ही उणीव भरून काढतो. त्यात शिक्षकाने स्वतःच्या वर्गात छोटा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष मांडणे अपेक्षित असते.

तयारी

नेटच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेसाठी व्याकरणाबरोबर साहित्येतिहास, भाषाविज्ञान व अध्यापनपद्धती यांचा अभ्यास आवश्यक असतो. मराठीभाषक उमेदवाराला तौलनिक अभ्यासाचा उपयोग होतो. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत, मात्र ती शब्दागणिक जुळत नाहीत. उदाहरणार्थ, मराठीत 'सूर्य' पुल्लिंगी आहे, तर जर्मनमध्ये सूर्यवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीतील विभक्तीप्रत्यय नामाला जोडले जातात, तर जर्मनमध्ये विभक्ती मुख्यतः नामापूर्वीच्या उपपदातून व्यक्त होते. विद्यार्थी नेमके कोठे चुकतील हे अशा तुलनेतून आधीच ओळखता येते.

मलकापूर परिसर

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावर, आंबा घाटाच्या पूर्वेस वसलेले आहे. येथील विद्यार्थ्यांसाठी जवळचे विद्यापीठ म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ असून तेथे परकीय भाषा विभाग आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. मॅक्स म्युलर भवनचे केंद्रही पुण्यात असल्याने उच्च पातळीच्या शिक्षणासाठी प्रवास, निवास व शुल्क यांचा भार उमेदवारावर पडतो. नेटच्या अर्जात परीक्षेचे शहर निवडता येते, परंतु संभाषणाचा सराव व प्रत्यक्ष वर्गातील अनुभव यांची सोय त्यातून होत नाही.

धोरणांचा परिणाम

परकीय भाषा शिक्षकांच्या रोजगारावर शैक्षणिक धोरणाचा थेट परिणाम होतो. केंद्रीय विद्यालय संघटनेने २०११ मध्ये ग्योटे-इन्स्टिट्यूटशी करार करून जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष चालू असतानाच, तिची जागा संस्कृतला देण्याचा निर्णय झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर परकीय भाषा शिकविण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केल्यानंतर जर्मन प्रशिक्षणाची, पर्यायाने जर्मन शिकविणाऱ्यांची, गरज पुन्हा चर्चेत आली.

हेही पहा

शिवाजी विद्यापीठ
शाहूवाडी तालुका
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०