जलालपूरचे सोवळे आणि एकच स्नान

नाशिकहून गंगापूरच्या वाटेने निघाले की गोदावरीकाठी जलालपूर हे लहानसे गाव लागते. १८६८ साली तेथील गोखल्यांच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून त्या घरात वापरली जात नसे. 'स्मृतिचित्रे'त हे सारे इतक्या विनोदाने सांगितले आहे की वाचक आधी हसतो आणि मग खिन्न होतो. एवढे पाणी ओतले, तरी त्या गृहस्थांना आपण शुद्ध झालो असे एकदाही वाटले नाही.

या घराची आठवण होण्यास एक कारण घडले. आमच्या धर्मग्रामातील एका मुलाचा विवाह उत्तर भारतीय मंडळीच्या, म्हणजे सी. एन. आय.च्या, एका मुलीशी ठरला. मुलीने स्वेच्छेने कॅथलिक होण्याचे ठरवले. मुलाच्या आईने मला एकीकडे बोलावून हळूच विचारले, "फादर, तिला आपला बाप्तिस्मा कधी देणार?" मी म्हणालो, "तिचा झाला आहे." "तो त्यांचा झाला. आपला?"

'आपला' आणि 'त्यांचा' बाप्तिस्मा असा भेद ख्रिस्तसभेने कधीच मान्य केलेला नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी पाखंडी पंथांतून येणाऱ्यांना पुन्हा स्नानसंस्कार द्यावा असा आग्रह धरला. पोप स्टीफन यांनी त्यास नकार दिला. प्रोटेस्टंट चळवळीचा वाद ऐन भरात असताना, १५४७ साली, ट्रेंटच्या परिषदेनेही पवित्र त्रैक्याच्या नावाने, ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेल्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा, देणारा पाखंडी असला तरी, खराच असतो असे ठरवले. तरीही सावधगिरी म्हणून 'सशर्त' स्नान देण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ वर्षे चालली, हे कबूल केले पाहिजे. माझ्या आधीच्या पिढीतील धर्मगुरू ते सर्रास देत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती रीत मागे पडली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, गंभीर शंका असल्याखेरीज असे स्नान देता येत नाही.

लक्ष्मीबाईंकडे परत येतो. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. तोही भारतीय पाळकाच्या हातून. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढे बराच काळ दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र येण्याची वेळ आली तेव्हाही बाईंचे सोवळे सुटले नव्हते आणि टिळकांनी ते बळाने सोडवले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर काढले. सोवळे आधी गळाले, श्रद्धा मागून आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या निर्णयानंतर पाच वर्षांनी!

ही पाच वर्षे मला फार मोलाची वाटतात. कृपा ही देवाची देणगी, हे आपण धर्मशिक्षणात पाठ करतो. पण ती माणसाच्या मनात किती सावकाश काम करते हे बाईंच्या आयुष्यात दिसते. टिळकांनी घाई केली असती तर एक नाव नोंदवहीत पाच वर्षे आधी चढले असते, इतकेच.

पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान होते. येथे मी टिळकांबरोबर जाऊ शकत नाही. स्नानसंस्कार ऐच्छिक मानला तर ख्रिस्तसभेचे दारच नाहीसे होते. परंतु त्यांचे दुःख मला समजते. बाप्तिस्मा घेणे म्हणजे स्वजनांना सोडून परक्यांच्या वाड्यात राहायला जाणे, असा समज तेव्हा दृढ झाला होता, आणि त्याला मिशनऱ्यांची राहणीही कारण होती.

टिळकांचे निधन १९१९ साली झाले. लक्ष्मीबाईंनी १९३६ साली नाशिक येथे देह ठेवला. त्या ज्या मिशनच्या मंडळीत होत्या ती आणि आमच्या नाशिकच्या शरणपूरची अँग्लिकन मंडळी, दोन्ही परंपरा १९७० साली उत्तर भारतीय मंडळीत एकत्र आल्या. त्या मंडळीत बालकांचा बाप्तिस्मा होतो आणि जाणत्या वयात दृढीकरणाच्या वेळी ते मूल स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करते. आपल्याकडेही दृढीकरणात बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारली जातात. पाणी मात्र दुसऱ्यांदा नाही.

मी त्या मातेला जलालपूरच्या घराची गोष्ट सांगितली. "बाई, तुम्ही बाप्तिस्मा मागत नाही, धुणे मागता आहात," असेही म्हणालो. शब्द थोडे कठोर होते. त्या काही बोलल्या नाहीत.

विवाहाआधीच्या रविवारी मिस्सामध्ये मुलीने वेदीसमोर उभे राहून श्रद्धांगीकार म्हटला. तो तिला लहानपणापासून पाठ होता. कॅथलिक ख्रिस्तसभा जे सत्य म्हणून शिकवते ते मी मानते, एवढे एकच वाक्य तिला नवीन होते. त्यानंतर दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद. संध्याकाळी कार्यालयात मी नोंद केली. बाप्तिस्म्याच्या रकान्यात तिच्या मंडळीच्या दाखल्यावरील तारीख लिहिली: ती तेव्हा तीन महिन्यांची होती.