गाडीतला मुक्काम

परवा मावशीचा फोन आला. "काय गं, तुम्ही दोघं अजून गाडीत झोपता म्हणे?" आवाजात काळजी होती आणि थोडी लाजही. पन्नाशी उलटलेली भाची अमेरिकेत राहून गाडीत झोपते, हे चारचौघांत सांगायचं तरी कसं! तर हा लेख खास मावशीसाठी. बाकीच्यांनी वाचला तरी चालेल :)

हॉटेल परवडत नव्हतं, हे खरंच होतं. 2004 च्या उन्हाळ्यात आम्ही चौघं कोलोरॅडोहून यलोस्टोनला निघालो, तेव्हा नवऱ्याची नोकरी नुकतीच बदलली होती. दारात जुनी मिनीव्हॅन होती. तिच्या मागच्या सीट काढून गॅरेजमध्ये ठेवल्या, प्लायवूड टाकलं, वर आईच्या हातच्या गोधड्या. खिडक्यांना साडीचे पडदे. मुक्काम शक्यतो नॅशनल फॉरेस्टमध्ये. तिथे कँपग्राउंडच्या बाहेर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहू देतात. एक अनुभवाचा सल्ला: काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर चौघांच्या श्वासाने पहाटेपर्यंत काचा आतून ओल्याचिंब होतात आणि गोधडीवर पाणी ठिबकतं.

आपण काहीतरी नवीन करतोय असं तेव्हा वाटलं होतं. कसलं काय! पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, ही हौस इथे जवळजवळ मोटारीइतकीच जुनी. फोर्डची मॉडेल टी 1908 साली 850 डॉलरला होती. 1925 मध्ये तिचं सर्वांत साधं मॉडेल 260 डॉलरवर आलं. सामान्य माणूस गाडीला तंबू बांधून निघाला आणि रात्र होईल तिथे, कुणाच्या शेतात, शाळेच्या आवारात, मुक्काम करू लागला. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टँपामध्ये अशा लोकांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटनाच काढली. ओळखीची खूण काय, तर रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा!

गावांनीही डोकं लढवलं. या लोकांना एका जागी उतरवलं तर ते आपल्याच बाजारात खरेदी करतील, म्हणून 1920 च्या आसपास गावोगाव मोफत ऑटो कँप निघाले. डेन्व्हरचा ओव्हरलँड पार्क त्यात फार नावाजलेला होता. आज तिथे गोल्फचं मैदान आहे. मी त्याच्यावरून कित्येकदा गेलेय, पण कधी शंकाही आली नाही.

मग गाड्या आणखी स्वस्त झाल्या, जुन्या गाड्या तर मातीमोलाने मिळू लागल्या, आणि सुट्टीवाल्यांच्या रांगेत कामाच्या शोधात फिरणारी कुटुंबंही येऊन थांबली. तोच तंबू, तीच मॉडेल टी, पण परत जायला घर नाही. दशकाच्या मध्यापर्यंत अनेक कँपांनी फी लावली, मुक्कामाला मुदत घातली, नावनोंदणी सक्तीची केली. वॉरन बेलास्को या इतिहासकाराने 1979 च्या पुस्तकात हे सगळं मांडलंय. फी किरकोळच होती, दिवसाला पन्नास सेंटच्या आसपास. तिजोरी भरणं हा हेतू नव्हताच. नको ती माणसं बाहेर राहावीत, एवढ्यासाठी ती होती. पुढे खाजगी कँप, मग केबिन, मग मोटेल.

आपली मिनीव्हॅन आली 1983 च्या नोव्हेंबरमध्ये. हॅल स्पर्लिक यांनी ही कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती, तिथे ती रुचली नाही. ती क्रायस्लरने केली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिल्यामुळे तळ सपाट आणि खालच्या पातळीवर. सीट काढल्या की चार बाय आठ फुटांचं प्लायवूड आडवं मावतं. 1985 च्या सुमारास 'मॅजिक कँपर' नावाचा प्रकारही निघाला, मागची सीट उलगडून पलंग आणि गाडीला चुंबकाने चिकटणारा तंबू.

आणि त्याच 1983 साली लॉस एंजेलिसने गाडीत राहण्यावर बंदी घालणारा कायदा केला. 2014 मध्ये कोर्टाने तो रद्द केला. कारण, 'राहणं' म्हणजे नेमकं काय हे त्यातून कळतच नव्हतं. पण 2024 मध्ये ग्रँट्स पासच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शहरांच्याच बाजूने निकाल दिला: जायला निवारा नसला तरी सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्याला दंड करता येतो.

त्या 2004 च्या प्रवासात एका रात्री आम्ही जंगलापर्यंत पोचलोच नाही. एका छोट्या गावात रस्त्याच्या कडेला गाडी लावली. दोनच्या सुमारास काचेवर टकटक, टॉर्चचा उजेड. पोलीस! त्याने मुलं पाहिली, गोधड्या पाहिल्या, नकाशा पाहिला. "सुट्टीवर का? उजाडल्यावर निघा," म्हणाला आणि हसला. आमच्या पुढे एक जुनी व्हॅन उभी होती, मागे कपड्यांची बोचकी, टपावर सायकल. त्या माणसाला मात्र उठवून लगेच गाव सोडायला लावलं. इंजिन दोनदा बंद पडलं, तिसऱ्यांदा सुरू झालं.

लेक तेव्हा सात वर्षांची. ती जागीच होती. "आई, तो पण कँपिंगच करत होता ना?"

"झोप आता," म्हणाले मी.

असो. मावशी, आता मुलं मोठी झाली, गाडीही दुसरी आहे. हॉटेल परवडतं. तरी जूनमध्ये पुन्हा निघतोय. पडदे अजून तुझ्याच जांभळ्या साडीचे आहेत.